पंप तळघरात, घरघर शयनगृहात

प्रश्न : घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप तळघरात आहे आणि आमचे घर त्याच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर आहे. पहाटे पाचला पंप सुरू झाला की शयनगृहात घरघर ऐकू येते. प्लंबरने पंपाखाली रबराच्या चकत्या घातल्यापासून तर मांडणीवरची भांडीही थरथरतात. आता पंपरूमच्या भिंतींना फोम लावण्याचा प्रस्ताव कमिटीपुढे आहे. त्याचा उपयोग होईल का? मोटरच्या पाटीवर १४५० फेरे लिहिले आहेत.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : फोमवर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फोम खोलीतल्या हवेत घुमणारा आवाज शोषतो. त्याचा थोडाफार लाभ पंपरूमच्या दाराशी बसणाऱ्या रखवालदाराला होईल. आपल्याकडे पोहोचते ते मुख्यतः काँक्रीट आणि पाइप यांतून.

भांडी का थरथरू लागली, हे चकत्यांवरूनच कळते. मिनिटाला १४५० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे २४ कंपने. पंपाच्या वजनाने रबर अर्धा मिलिमीटरच दबत असेल, तर त्या बैठकीची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर ती आपोआप सेकंदाला जितकी कंपने करते तो आकडा, सुमारे २२ येते; ती २४च्या इतकी शेजारी असल्याने अनुनाद होतो, म्हणजे दोन्ही कंपने एकमेकांना बळ देतात, आणि कंपन कमी होण्याऐवजी वाढते. यंत्राची वारंवारता बैठकीच्या वारंवारतेच्या निदान १.४ पट झाल्याखेरीज बैठक कंपन अडवूच शकत नाही. पंप काँक्रीटच्या जड ठोकळ्यावर बसवून खाली सुमारे १० मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगा दिल्या, तर बैठकीची वारंवारता ५वर येते आणि जमिनीत उतरणारे बल साधारण विसाव्या हिश्श्यावर येते. कडक रबर घालून ‘काम झाले’ म्हणणारे बरेच भेटतात. किती दबले ते कोणी मोजत नाही.

घरघरीची वाट बहुधा वेगळी आहे. पंपाच्या चक्राला सहा पाती असतील, तर पाण्याला सेकंदाला सुमारे १४५ धक्के बसतात, आणि ते पाइपच्या लोखंडातून व आतल्या पाण्यातूनही वर चढतात. म्हणून पंपालगत दोन्ही बाजूंना रबरी बेलो (पाइपमधले लवचीक जोड) बसवावेत, पाइपचा भार त्यांवर न टाकता स्वतंत्र आधारावर घ्यावा, क्लॅम्पमध्ये रबर घालावे आणि पाइप स्लॅबमधून जातो तिथे सिमेंटने घट्ट भरलेली फट मोकळी करून मऊ पदार्थाने भरावी. यांपैकी एक जागा जरी कडक राहिली, तरी स्प्रिंगांवरचा खर्च बराचसा वाया जातो.

मात्र त्याआधी फाउंडेशन बोल्ट, बेअरिंग आणि मोटर-पंपाचे कपलिंग एका रेषेत आहे का, हे तपासून घ्यावे. पंप बंद करताना कान द्यावा : कळ दाबताच आवाज तुटला, तर तो मोटरची विद्युत गुणगुण समजावी, जी आपल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १०० हर्ट्झला असते, चक्र मंदावेल तसा उतरत गेला, तर तो यांत्रिक.

कमिटीला मोबाइलवरचा डेसिबलचा आकडा दाखवू नये. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्रासाठी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा असली, तरी ती ज्या ‘ए’ मापनात, म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेनुसार खालचे स्वर कमी धरणाऱ्या मापनात आहे, ते १०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १९ डेसिबल वजा करते; त्यामुळे ही घरघर आकड्यात कमीच दिसते. त्यापेक्षा बेअरिंगवर कंपनमापक टेकवून दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे वाचन मिलिमीटर प्रति सेकंदात लिहून ठेवावे.