चोपन्न टक्क्यांची मुलगी कॉलेजात टिकेल का?

दहावीचा निकाल लागला की मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "लेकरू ढ नाही, पण लई हुशार बी नाही. कॉलेजला घातलं तर टिकंल का? का पैसे पाण्यात जातील?" विचारणारे आईवडील स्वतः बहुधा कॉलेजची पायरी चढलेले नसतात. हाताशी टक्के असतात, त्यावरून अंदाज बांधतात. पण टक्क्यांवरून प्रवेश कुठे मिळेल तेवढंच कळतं. टिकणार की नाही हे बघायला मला पाचवी-सहावीपर्यंत मागे जावं लागतं.

बीड जिल्ह्यातली एक मुलगी. तिला मुक्ता म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन कोयता (ऊस तोडणारं जोडपं) निघायचा तो उन्हाळ्याच्या तोंडावर परत. दहावीला ५४ टक्के. चुलत्याचं म्हणणं, लग्न उरकून टाका. मामाचं म्हणणं, लातूरला सायन्सला टाका, कर्ज काढू. मुलीला कुणी विचारलंच नव्हतं.

मी गुणपत्रिका मागितली. सामाजिक शास्त्र ६६, मराठी ६५, विज्ञान ५१, गणित ४१, इंग्रजी ३८. यातल्या प्रत्येक विषयात २० गुण शाळेच्या हातातले. शाळा ते सहसा सढळ हाताने देतात, म्हणजे गणिताच्या लेखीत ८० पैकी पंचवीसच्या आसपास. आई म्हणाली, "गणित तिच्या डोक्यात शिरतच नाही, मॅडम."

एका कागदावर एकचल समीकरण लिहून दिलं. तिने दोन ओळींत सोडवलं. मग तसंच दुसरं दिलं, फक्त ५ च्या जागी ३/४ घातले. पेन थांबलं. कागद आपल्याकडे ओढून तिने कोपऱ्यात ३ आणि ४ ची बेरीज केली, खोडली, आणि "हे आम्हाला नव्हतं," म्हणाली.

तिला नव्हतं, हे खरंच होतं. अपूर्णांक पाचवी-सहावीत येतात. ती दोन्ही वर्षं हंगामात आईवडिलांबरोबर कारखान्यावर होती, कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्या बहिणीला सांभाळत. सातवी-आठवी गावातल्या हंगामी वसतिगृहात (आईवडील तोडीला गेले की मागे राहणाऱ्या मुलांची सोय) राहून झाली, नववी-दहावी आजीजवळ. तोवर वर्ग पुढे निघून गेला होता आणि मागचं कुणी शिकवलं नाही. अशा मुलांना 'सरासरी' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

उन्हाळ्यात आम्ही दहावीचं काहीच उजळलं नाही. पाचवी ते सातवीची गणिताची पुस्तकं काढली. अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, गुणोत्तर, बस. रोज तासभर, गावातल्या एका निवृत्त गुरुजींसमोर बसून. इंग्रजीचं रोज एकच पान: मोठ्याने वाचायचं, अडलेल्या शब्दांखाली रेघ मारायची, आणि पानात काय आहे ते आजीला मराठीत सांगायचं. व्याकरणाला हात लावला नाही. कॉलेजात पहिल्या महिन्यात मुलं गळतात ती फळ्यावरचं समजत नाही आणि विचारायची लाज वाटते म्हणून.

ती लाज घालवायला मी तिला सेतू केंद्रात एकटीला पाठवलं. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन क्रिमी लेयर: काय लागतं ते तिनेच विचारून लिहून आणायचं. पहिल्यांदा दारातूनच परत आली. दुसऱ्यांदा यादी घेऊन आली, आणि आधारवर नि शाळेच्या दाखल्यावर आपल्या नावाचं स्पेलिंग वेगळं आहे हेही तिनेच शोधून काढलं. शिष्यवृत्तीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. ही तफावत ऐन प्रवेशात सापडली असती तर ती दुरुस्त होईपर्यंत वडील कारखान्यावर! ऊसतोड कुटुंबांनी कागदपत्रांची सगळी कामं उन्हाळा-पावसाळ्यातच उरकावीत.

शाखेचं म्हणाल तर तिला सिव्हिल इंजिनिअरिंग हवं होतं. गावच्या पाझर तलावाचं काम बघून डोक्यात बसलेलं. पॉलिटेक्निकला दहावीला ३५ टक्के असले तरी अर्ज करता येतो, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. तीन वर्षांच्या पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट असते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना सरकारच्या केंद्रीभूत (कॅप) प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. राहणं-खाणं मात्र माफ होत नाही, आणि घरचे अडतात ते तिथेच. म्हणून फॉर्म भरताना कॉलेजच्या नावाआधी मुलींच्या वसतिगृहाची चौकशी केली. लातूरच्या कर्जाचा विषय मी सरळ बंद केला. ३८ गुणांच्या इंग्रजीवर दोन वर्षं 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या क्लासला बसवणं म्हणजे मुलीचा आत्मविश्वास विकत मोडून घेणं.

शेवटच्या फेरीत सरकारी पॉलिटेक्निकला सिव्हिल मिळालं. पहिल्या सत्रात गणित निघालं, बेसिक सायन्स राहिला. त्या दिवशी चुलत्याने "बघा, सांगत होतो" म्हणून घेतलं. एटीकेटी म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढे जाणं, नापास होऊन घरी बसणं नव्हे, हे मला फोनवरून दोनदा सांगावं लागलं. पुढच्या परीक्षेत तो विषयही सुटला. गुण बेताचेच आहेत, अजून. मात्र वर्गात हात वर करून विचारते, असं तिच्याच तोंडून ऐकलं.

यंदा दसऱ्याआधी आईचा पुन्हा फोन आला. धाकटी सहावीत आहे, आजी आता थकली, तर तिला सोबत न्यावं का? मी म्हटलं, "ताई, हंगामी वसतिगृहात नाव घाला, मुख्याध्यापकांना उद्याच भेटा. आणि तिची पाचवीची गणिताची वही मला पाठवा."