कॉकपिटमधून: झीरोशी वळणात भिडू नकोस

प्रश्न: ताई, मी आणि माझा रूममेट सिम्युलेटरवर 1942च्या पॅसिफिकमधल्या लढाया खेळतो. दोघांकडेही वाइल्डकॅट एफ4एफ-4 हे अमेरिकन लढाऊ विमान. जपान्यांचं झीरो हे लढाऊ विमान मागे लागलं की मी स्टिक पोटाशी ओढून वळतो, पण दुसऱ्या फेरीतच तो माझ्या शेपटीवर येतो. विमान कमी पडतंय की माझं चुकतंय? (एक वाचक, सांगली)

उत्तर: विमान चांगलं आहे. तू त्याच्याकडून झीरोचं काम करून घेतोयस, म्हणून मार खातोयस.

हिशेब बघ. लढाईला निघालेल्या झीरोचं (ए6एम2) वजन साधारण 2,400 किलो आणि पंख 22.4 चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरमागे 107 किलो. वाइल्डकॅट 3,600 किलोचं, पंख 24 चौरस मीटर, चौरस मीटरमागे दीडशे. इतकं ओझं पेलणारा पंख घट्ट वळणात आधी दमतो. वेग उतरतो, विमान थरथरतं आणि झीरो आतल्या बाजूने सहज येऊन बसतो. पण त्याच जादा वजनात पाठीमागचं चिलखत आहे, भोक पडलं तरी आपोआप बुजणाऱ्या टाक्या आहेत. त्या झीरोत यातलं काहीच नव्हतं.

म्हणून उंची हेच तुझं भांडवल. वरून सूर मार, एकदाच गोळीबार कर आणि सरळ लांब निघून जा. तो मागे आलाच तर स्टिक पुढे ढकल आणि उजवीकडे लोळण घे. 4 जून 1942ला अलास्काच्या अल्यूशियन बेटांपैकी अकुटानवर एक झीरो दलदलीत उतरताना उलटला. अमेरिकनांनी तो दुरुस्त करून सॅन डिएगोला उडवला. ताशी 370 किलोमीटरच्या पुढे त्याचे ऐलेरॉन (विमान कलतं करणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) जड होतात, उजवीकडे तर जास्तच, आणि नाक झटकन खाली घातलं की इंजिन गुदमरतं, हे तेव्हा कळलं. चांगल्या सिम्युलेटरमध्ये हे सगळं जसंच्या तसं अनुभवाला येतं.

आता तुमच्या जोडीचं. तुझ्या पत्रावरून तुम्ही दोघं एकाच आकाशात वेगवेगळे लढताय असं वाटतं. तिथेच सगळ्यात मोठं नुकसान आहे. जॉन थॅच या अमेरिकन नौदलाच्या वैमानिकाने 1941मध्ये घरातल्या टेबलावर काडेपेटीच्या काड्या मांडून यावर उपाय शोधला. मीही माझ्या भाच्याला असंच शिकवलं. तूही काड्या घे. दोन समांतर ठेव, मधे एका पूर्ण वळणाच्या वर्तुळाच्या रुंदीइतकं अंतर. प्रत्येकाने दुसऱ्याची शेपटी सांभाळायची. तुझ्या मागे झीरो दिसला की रूममेटने तुझ्याकडे वळायचं. तो वळला हीच खूण, बोलायची गरज नाही. तूही त्याच्याकडे वळ. तुम्ही एकमेकांना ओलांडता आणि तुझ्या मागचा झीरो थेट रूममेटच्या सहा मशीनगनांसमोर येतो. झीरो सोडून गेला नाही, तर उलट वळून पुन्हा तेच. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाच्या लढाईत थॅचने हे पहिल्यांदा खऱ्या लढाईत वापरलं, तेही 4 जूनलाच. त्या तारखेचं मला आजही नवल वाटतं.

भाचा आणि मी तीन रविवार नुसते एकमेकांना धडकत होतो. दोघंही आतून जायला बघायचो. मग ठरवलं: डावीकडचा नेहमी वरून, उजवीकडचा खालून. चौथ्या रविवारी पहिला झीरो पडला तेव्हा मी खुर्चीतून उठून ओरडले होते.

प्रश्न: आणि झीरो उडवणाऱ्याने काय करावं? (डोंबिवली)

उत्तर: सूर मारणाऱ्याच्या मागे जाऊ नका, वेग 370च्या आत ठेवा. 20 मिलिमीटरच्या तोफांना प्रत्येकी फक्त 60 गोळ्या असतात, सात सेकंदांत संपतात. आधी छोट्या मशीनगनने नेम जुळवा, समोरचं विमान नेमाच्या काचेत मावेनासं झालं की मगच तोफ.