राथेनाउ वाचला असता तर? माझा कौल एर्त्सबर्गरला

परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाउचा जून १९२२ मधला खून टळला असता, तर जर्मनीतली १९२३ ची ती भयंकर महागाई आणि पुढे हिटलर, दोन्ही टळलं असतं का, असं तुम्ही विचारलंय.

महागाई टळली नसती, असं माझं मत. २४ जूनला सकाळी राथेनाउ ग्रुनेवाल्डमधल्या घरून उघड्या मोटारीने कामावर निघाला होता. पोलीस संरक्षण त्याने स्वतःच नाकारलं होतं. त्याच्या खुनानंतर मार्क हे जर्मन चलन कोसळलं हे खरं, वर्षाखेरीस डॉलरला सात हजारांच्या घरात मार्क पडत होते. पण खुनाच्या दोन आठवडे आधीच अमेरिकी बँकर जे. पी. मॉर्गन ज्यात होता त्या बँकर्सच्या समितीने सांगून टाकलं होतं, की पहिल्या महायुद्धाच्या भरपाईचा बोजा उतरल्याशिवाय जर्मनीला मोठं कर्ज मिळणार नाही. फ्रान्सचा पंतप्रधान तेव्हा कडक धोरणाचा प्वाँकारे होता, आणि एप्रिलमध्ये राथेनाउनेच रशियाशी केलेल्या रापालोच्या कराराने फ्रेंच आणखी बिथरले होते. जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंचांचं सैन्य रूर या जर्मन औद्योगिक पट्ट्यात शिरलं, ते थोपवणं एकट्या राथेनाउच्या हातात नव्हतं.

शिवाय त्याच्या खुनानंतर माणसांचे लोंढे रस्त्यावर उतरले आणि जुलैमध्ये प्रजासत्ताकाच्या रक्षणाचा कायदा झाला. प्रशिया या जर्मनीतल्या सर्वात मोठ्या राज्याने नोव्हेंबर १९२२ मध्ये नाझी पक्षावर बंदी घातली ती याच कायद्याने. राथेनाउ वाचला असता तर हा कायदा त्या वर्षी झाला नसता, असं मला वाटतं.

माझा जीव तुटतो तो दहा महिने आधीच्या खुनासाठी. माथियास एर्त्सबर्गर. १९१८ मध्ये महायुद्ध थांबवणाऱ्या शस्त्रसंधीवर सही केली म्हणून उजव्यांनी त्याला कधीच माफ केलं नाही. अर्थमंत्रिपद जेमतेम नऊ महिने हाती होतं, तेवढ्यात त्याने प्राप्तिकर राज्यांकडून काढून केंद्राकडे आणला आणि श्रीमंतांवर चढत्या दराने कर बसवला. २६ ऑगस्ट १९२१ ला बाड ग्रीसबाखजवळ फिरायला गेलेला असताना त्याला गोळ्या घातल्या. वय ४५.

तो कॅथलिकांच्या सेंटर पक्षाचा, पण पक्षातल्या कामगारांच्या बाजूचा, समाजवाद्यांबरोबर सरकार चालवायला तयार असलेला. वायमार प्रजासत्ताकाच्या, म्हणजे हिटलरच्या आधीच्या जर्मनीच्या, जवळजवळ प्रत्येक सरकारात हा पक्ष होता, त्यामुळे तो कुठे झुकतो याला फार महत्त्व होतं. एर्त्सबर्गर गेल्यावर त्या बाजूचा योझेफ विर्थ पक्षात एकटा पडत गेला. डिसेंबर १९२८ मध्ये पक्षाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कामगार नेता योस हरला आणि कास नावाचा धर्मगुरू निवडून आला. हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या मार्च १९३३ च्या कायद्याला सेंटरने मतं दिली, ती याच कासच्या नेतृत्वाखाली. १९२८ मध्ये एर्त्सबर्गर ५३ वर्षांचा असता. पक्ष हलवायची त्याची ताकद पाहता कासला ते पद इतकं सहज मिळालं नसतं.

यात एक अडचण आहे. बव्हेरियातला कॅथलिक पक्ष सेंटरपासून तुटला, त्याला एर्त्सबर्गरचं केंद्रीकरणही कारण होतं. १९२५ मध्ये त्या पक्षाने सेंटरचा उमेदवार विल्हेल्म मार्क्स याला सोडून प्रोटेस्टंट सेनानी हिंडेनबर्गला पाठिंबा दिला आणि हिंडेनबर्ग सुमारे नऊ लाख मतांनी राष्ट्राध्यक्ष झाला. पुढे हिटलरला चॅन्सेलर नेमलं ते त्यानेच. एर्त्सबर्गर असता तरी हे घडलंच असतं, कदाचित मतांचा फरक वाढलाही असता. म्हणून 'हिटलर आलाच नसता' असं मी म्हणणार नाही. सेंटरने त्याला दार उघडून दिलं नसतं, एवढं म्हणायला मात्र जागा आहे.

आणि खून टळायचा तर आधी काय बदलायला हवं होतं? एर्त्सबर्गरला मारणाऱ्या उजव्या टोळीतले मारेकरी म्युनिकला परतले आणि तिथल्या पोलिसांच्या आशीर्वादाने, खोट्या पासपोर्टवर हंगेरीत पळाले. एमिल गुम्बेल या गणितज्ञाने १९१९ ते १९२२ मधले राजकीय खून मोजले होते: उजव्यांनी केलेले ३५४, डाव्यांनी केलेले २२. उजव्यांच्या ३२६ खुनांना शिक्षाच झाली नाही. खुद्द एर्त्सबर्गरवर जानेवारी १९२० मध्येच एका तरुणाने गोळी झाडली होती. न्यायालयाने तो खुनाचा प्रयत्न न मानता दुखापतीचा गुन्हा धरला आणि दीड वर्षाची कैद दिली. माझा जर-तर मी तिथून सुरू करेन. त्या दिवशी खुनाच्या प्रयत्नाची पुरी शिक्षा झाली असती, तर म्युनिकच्या त्या टोळीला पुढच्या वर्षी हे काम इतकं बिनधोक वाटलं नसतं.