‘आई, आता काय करू?’

मूल स्वतःहून काही करतच नाही, दर दहा मिनिटांनी येऊन ‘आता काय करू?’ विचारतं, ही तक्रार हल्ली माझ्याकडे फार येते. मुलांसाठी सगळ्यात जास्त खटपट करणाऱ्या घरांतूनच ती जास्त ऐकू येते. अशाच एका घराबद्दल लिहिते. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्राजक्ता कळव्याला, खारेगावात राहते. ऐरोलीत नोकरी, तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम. नवरा महापेला, शिफ्टमध्ये. ओवी पाच वर्षांची, सीनियर केजीत. धाकटा मल्हार दोनाचा. दिवसभर दोघं इमारतीतल्याच एका काकूंच्या पाळणाघरात असतात. पहिल्या भेटीत प्राजक्ता म्हणाली, “मॅडम, मी रोज घरी आले की तिच्यासाठी काहीतरी अ‍ॅक्टिव्हिटी करते. परवा रंगीत तांदळाचा मोर केला. पंधरा मिनिटांत संपला, की लगेच, आता काय? आता माझं डोकंच चालत नाही. मी मुळात कल्पक नाहीच हो. माझ्यामुळेच ती अशी झाली असेल का?”

मी तिला आठवडाभराच्या संध्याकाळी एका वहीत लिहून आणायला सांगितल्या. ती वही वाचताना मला प्राजक्ताचीच जास्त काळजी वाटली. मुलं झोपल्यावर अकरा-साडेअकरापर्यंत ती रील बघून कागद कापायची, तांदूळ रंगवून वाळत घालायची. मोराचा आकार तिने काढलेला, कुठल्या पिसात कुठला रंग हेही तिनेच ठरवलेलं. ओवीच्या वाट्याला काय, तर फेविकॉल लावून चिकटवणं. सुचणं, चुकणं, मध्येच बेत बदलणं हे सगळं आईने आदल्या रात्रीच उरकलेलं असायचं. मग लेक पंधरा मिनिटांत मोकळी होणार आणि पुढचं काम मागणारच.

वहीतल्या एका ओळीत तक्त्याचा उल्लेख होता. फ्रिजवर लावलेला तक्ता. एक चित्र काढलं की एक चांदणी, दहा चांदण्यांना एक खेळणं. ओवी चित्रं काढेनाशी झाली म्हणून तिच्या बाबांनी तो सुरू केला होता. सुरुवातीला भराभर चांदण्या जमल्या. मग ओवी कागदावर दोन रेघा ओढून “झालं, दे चांदणी” म्हणू लागली आणि पुढे तेही बंद पडलं.

हे ऐकल्यावर मी दोघांना 1973 सालचा एक जुना प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. स्केचपेनने चित्र काढणं आवडणारीच मुलं घेतली होती. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत की सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना चित्र झाल्यावर तेच प्रमाणपत्र अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं, तर बक्षीस कबूल केलेली मुलं स्केचपेनकडे बाकीच्यांच्या निम्माच वेळ फिरकली. बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रंही उतरती होती. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकून होती. बाबांनी हे लक्ष देऊन ऐकलं आणि घरी जाऊन तक्ता काढून टाकला. ओवीला एवढंच सांगितलं, “आता चित्राला चांदणी नाही. काढायचं तर काढ, नाहीतर नको.”

पण मुळात ती चित्रं काढेनाशी का झाली? प्राजक्ताच्या मोबाइलमध्ये ओवीची जुनी चित्रं होती. चौथ्या वर्षी काढलेला माणूस म्हणजे एक गोल, त्यात डोळे, आणि गोलातूनच निघालेले दोन लांब पाय. तीन-चार वर्षांची मुलं माणूस साधारण अशीच काढतात, जगभर काढतात. आपल्याला माणसाबद्दल महत्त्वाचं काय वाटतं ते ती कागदावर ठेवत असतात. पोट, मान, बोटं पुढे आपोआप येतात. घरात मात्र प्रेमाने दुरुस्ती सुरू झाली, “अगं, पोट कुठंय? हात कानातून येतात का?” मग शनिवार-रविवारचा चित्रकलेचा क्लास लागला. तिथून आलेल्या प्रत्येक कागदावर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी, नदी. ओवीच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो, लांबच लांब आणि वर चढत गेलेल्या घरांचा. तो तिच्या एकाही चित्रात नव्हता.

ओवीला भेटले तेव्हा माझ्या खोलीतल्या टोपलीसमोर ती बराच वेळ नुसती उभी होती. टोपलीत बाटल्यांची झाकणं, लाकडी ठोकळे, चिंध्या, सुतळी, शिंपले असतात. “मावशी, याचं काय करायचं?” मी म्हटलं, “तुला वाटेल ते.” “पण बरोबर काय आहे?” पाच वर्षांच्या मुलीच्या तोंडचा हा प्रश्न मला फार लागला. मी उत्तर दिलं नाही. सुतळीला गाठी मारत शेजारी बसले. तिने झाकणं रंगांप्रमाणे लावली, माझ्याकडे पाहिलं, मोडली, पुन्हा लावली. पुष्कळ वेळाने एक निळं झाकण बाजूला ठेवून म्हणाली, “हा झोपत नाहीये. बाकीचे सगळे झोपलेत.” पाळणाघरातली दुपार होती ती. त्यानंतर तिने मला एकदाही काही विचारलं नाही.

प्राजक्ताला मी म्हटलं, “तुमच्या मुलीला भरपूर सुचतं. सुचायला जागा लागते, तेवढी मोकळी करू या. आणि तुम्ही रात्री झोपा.” ठरलं ते असं. कापून ठेवलेल्या अ‍ॅक्टिव्हिटी बंद. एका खोक्यात रद्दी, पुठ्ठे, सुतळी, जुनी ओढणी, खडू, बोथट टोकाची कात्री. संध्याकाळी पाऊण तास मुलं मोकळी आणि आई जवळच, पण स्वतःच्या कामात. ‘कंटाळा आला’ म्हटलं की “हं, येतो कधीकधी,” एवढंच. लगेच उपाय पुरवायचा नाही. चित्र दाखवलं तर ‘सुंदर’ किंवा ‘हे चुकलं’ याऐवजी जे दिसतंय ते बोलायचं: “इथे तू खूप निळा वापरलास. हे कोण चाललंय?”

पहिला आठवडा वाईट गेला. ओवी रडली, खोकं लाथाडलं, “तूच करून दे” म्हणून आईच्या पदराला लोंबकळली. प्राजक्ताने मला फोन करून जवळजवळ माघार घेतली होती. असं होतंच. ज्या मुलांना रोज तयार कार्यक्रम मिळत होता, त्यांना रिकामा वेळ आधी सोसत नाही. एक-दोन आठवडे धीर धरावा लागतो, आणि त्या दिवसांत आईबाबांना आधार लागतो. त्याच सुमारास माणगावहून आजी आल्या. त्यांना खोकं आणि पसारा दोन्ही नापसंत. पण मटार सोलायला बसल्या की त्या ओवीला जवळ घ्यायच्या. सालांची होडी ओवीने तिथेच केली. मग कणकेच्या गोळ्याची मगर. वातींचा कापूस पिंजताना मल्हारच्या डोक्यावर म्हातारीचे केस. प्राजक्ता सांगत होती आणि मला मनापासून आनंद होत होता. सर्जनशीलता म्हणजे वेगळं किट आणि वेगळा तास, हा समज घराघरांत पक्का झाला आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीत, तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा पानं, बिया, दगड, शंखशिंपले हीच त्यांची साधनं होती. मुलाच्या हाताला जे सहज लागतं त्यातूनच ते शिकतं, हे इथल्या मातीत सिद्ध झालेलं आहे.

लहान घराच्या अडचणी खऱ्या असतात, त्या झटकून चालत नाही. मल्हार ओवीची प्रत्येक गोष्ट मोडायचा, त्यावरून रोज युद्ध. तिचं अर्धवट काम एका मोठ्या ताटात ठेवून वॉशिंग मशीनवर चढवायचं असं ठरवलं. काम उद्यापर्यंत टिकतं हे कळल्यावर ती त्याच कामाकडे परत जाऊ लागली. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक या ताटाने पडला. मल्हार तीनचा होईपर्यंत मणी, बटणं, गोट्या खाली नाहीत. घशात अडकण्याची भीती असते. खेळण्यातले बटणासारखे सेल तर मुलांच्या हाती कधीच लागू नयेत. गिळले गेले तर जिवावर बेततं, तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. भिंतीवर चित्रं काढण्याचं म्हणाल, तर घर भाड्याचं असल्याने दारामागे खाकी कागद चिकटवला.

जेवताना मोबाइल दोघांनाही लागायचा. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच. पण एकाच वेळी सगळं बदलायला निघालं की काहीच बदलत नाही. मोबाइलला आम्ही महिन्याभराने हात घातला.

एक गोष्ट वाचकांनी वेगळी ठेवावी. मूल तीन वर्षांचं होऊनही खोटं-खोटं खेळत नसेल, म्हणजे बाहुलीला भरवणं, ठोकळ्याची गाडी करणं असं काहीच नसेल, वर्षाचं झाल्यावरही हाकेला वळून बघत नसेल किंवा कुठल्याही वयात आलेले शब्द बोलायचं थांबलं असेल, तर वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्याचं कारण आणि त्याची मदत वेगळी असते.

ओवीच्या बाबांचा शेवटचा प्रश्न क्लासचा होता. फी भरलेली, आणि गणपतीत सोसायटीची चित्रकला स्पर्धा तोंडावर आलेली. मी म्हटलं, फी गेली तर जाऊ दे, सध्या क्लास नको. सात-आठ वर्षांची झाल्यावर तिला स्वतःला कुत्रा कुत्र्यासारखा काढायचा असेल, तेव्हा शिकवणाऱ्याचा खरा उपयोग होईल. स्पर्धेचं ओवीलाच विचारा. त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “विषय काय आहे?” विषय होता ‘माझा आवडता सण’. “मग नको. मला डोंगर काढायचाय.” दारामागच्या कागदावर आता पारसिकचा डोंगर आहे, प्रत्येक घराला खिडकी असलेला. प्राजक्ताने त्याचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं होतं, “अजून अर्धाच झालाय म्हणते.”