पी०४४२ दिसला की आधी झाकण बघ

पी०४४२ हा स्कॅनरवर दिसणारा गाडीच्या बिघाडाचा कोड. त्याचा अर्थ पेट्रोलच्या वाफेची छोटी गळती, साधारण १ मिलिमीटरच्या भोकाएवढी. पी०४५६ हा कोड आला तर भोक त्याच्या निम्मं. म्हणून नुसत्या डोळ्यांनी शोधत बसू नकोस. पेट्रोल थेंबथेंब गळत असेल किंवा सडकून वास येत असेल, तर मात्र गाडी चालवूच नकोस.

पहिल्यांदा टाकीचं झाकण. रबरी रिंग बोटांनी वाकवून बघ, बारीक चिरा असतात. ती जिथे टेकते त्या नळीच्या काठावर गंज आला असेल, तर नवं झाकण आणूनही उपयोग नाही. मी दोन झाकणं बदलली तेव्हा हे डोक्यात आलं!

मग पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे साठलेली वाफ इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. इंजिन चालू ठेव, व्हॉल्व्हची वायर काढ, कॅनिस्टरकडची (वाफ साठवणाऱ्या कोळशाच्या डब्याकडची) नळी सोडव आणि तिथे बोट लाव. बोट ओढलं गेलं तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये. बदल, दुरुस्तीच्या फंदात पडू नकोस.

इथवर काही सापडलं नाही, तर स्मोक टेस्ट, म्हणजे यंत्राने आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं. व्हेंट व्हॉल्व्ह (कॅनिस्टरला बाहेरची हवा देणारा) बंद करायला विसरू नकोस, एरवी तो उघडाच असतो आणि धूर तिथूनच निघून जातो. दाब अगदी कमी हवा, अर्धा पीएसआय पुरे. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा सोडलीस तर टाकी आणि सील दोन्ही जातील, शिवाय आगीची भीती. धूर बहुतेकदा नळीच्या टोकाशी, क्लिपखाली दिसतो. टॉर्च तिरका धर.

दुरुस्तीनंतर कोड पुसलास तरी गाडी स्वतः करते ती गळतीची तपासणी लगेच होत नाही. टाकी साधारण पाव ते पाऊण भरलेली ठेव, गाडी रात्रभर थंड होऊ दे आणि चार-पाच दिवस नेहमीसारखी चालव.