लाइव्ह रॉक अल्बम ऐकायला कोठून सुरुवात करावी

लाइव्ह रॉकची ओळख करून घ्यायची असेल, तर ऑलमन ब्रदर्स बँडच्या ‘ॲट फिलमोर ईस्ट’पासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात त्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि टॉम डाउड हे त्याचे निर्माते होते. प्रथम ‘व्हिपिंग पोस्ट’ची १९६९ मधील स्टुडिओतील आवृत्ती ऐकावी, ती सुमारे पाच मिनिटांची आहे. फिलमोरमध्ये तेच गाणे सुमारे तेवीस मिनिटे चालते, आणि तरीही ते कंटाळवाणे होत नाही, कारण डुएन ऑलमन आणि डिकी बेट्स यांच्या गिटारी एकमेकींचे ऐकून पुढे सरकतात, तर दोन ड्रमवादक त्यांना मोकळीक देतानाही लयीची पकड सैल होऊ देत नाहीत. नुसती लांबी वाढवणारे वादक पुष्कळ आहेत; एकमेकांना असा प्रतिसाद देण्याची समज मात्र दुर्मीळ.

त्यानंतर ‘द हू’ या बँडचा ‘लाइव्ह ॲट लीड्स’ (१९७०) हेडफोन लावून ऐकावा. एका कानात पीट टाउनशेंडची गिटार आणि दुसऱ्या कानात जॉन एंटविसलचा बास येत असल्याने, गायकाखेरीज केवळ तीन वाद्ये एवढा प्रचंड आवाज कसा उभा करतात, हे स्पष्ट कळते. सुरुवातीला मूळ सहा गाण्यांचीच आवृत्ती निवडावी. पुढे निघालेल्या विस्तारित आवृत्त्या नंतर ऐकाव्यात. डीप पर्पल या बँडचा ‘मेड इन जपान’ही अवश्य ऐकावा, परंतु त्यातील ड्रमचे दीर्घ एकलवादन पहिल्या खेपेस वगळले तरी चालेल.