शेफवर सोपवलेले जेवण

प्रश्न : आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त मुलीने घराजवळच्या एका उंची सुशी रेस्टॉरंटमध्ये आम्हा दोघांसाठी ‘ओमाकासे’चे आरक्षण केले आहे. तेथे मेनूकार्ड नसते आणि शेफ पुढे ठेवील ते खायचे असते, असे ती सांगते. माझ्या यजमानांना कोळंबी-खेकडे खाल्ले की अंगावर पित्त उठते. तसे सांगणे शेफला अपमानाचे वाटेल का? आम्हा दोघांनाही चॉपस्टिक धरता येत नाहीत. शिवाय हा शेफ परंपरेपेक्षा स्वतःच्या कल्पनेने पदार्थ रचतो म्हणे. मग त्याला खरी सुशी म्हणता येईल का?

उत्तर : ‘ओमाकासे’ हा शब्द ‘माकासेरु’, म्हणजे सोपवणे, या जपानी क्रियापदावरून आला आहे. निवड शेफवर सोपवायची असली, तरी त्याला आवश्यक ती माहिती देणे हे आपलेच काम आहे. यजमानांच्या त्रासाची गोष्ट त्या संध्याकाळपर्यंत न ठेवता आजच दूरध्वनी करून कळवा. त्या दिवशी आलेली मासळी पाहून शेफ पदार्थांचा क्रम आधीच ठरवतो आणि काही मासे तर मिठात, व्हिनेगरमध्ये किंवा कोंबू या समुद्री शेवाळाच्या पानांत कित्येक तास मुरवून ठेवलेले असतात, त्यामुळे ऐन वेळी सांगितल्यास त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. कोळंबी नुसती डोळ्यांना दिसते तेवढीच असते असेही नाही. जेवणाच्या शेवटी येणाऱ्या गोडसर अंड्याच्या वडीत कोळंबीचा लगदा घालण्याची जुनी पद्धत आहे. म्हणून ‘कोळंबी नको’ एवढ्यावर न थांबता ‘ॲलर्जी आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगा. यात शेफचा अपमान मुळीच नाही.

आता खरेपणाविषयी. भाताच्या घासावर माशाचा काप ठेवून मुठीत दाबून केलेली ‘निगिरी’ सुशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, रस्त्यावरच्या ठेल्यांवर रुळली. मासा मुरवण्याची कला तेव्हा वाढली ती बर्फपेटी नव्हती म्हणून. ज्या चरबीदार ट्यूनाला आज सर्वाधिक मान आहे, त्याला एके काळी कोणी विचारत नसे. आणि सुशीवरचा कच्चा सॅमन मासा तर 1980 च्या दशकात नॉर्वेच्या निर्यातदारांनी केलेल्या प्रयत्नांतून जपानमध्ये रूढ झाला. तेव्हा नवे म्हणजे खोटे, हा निकष सुशीला लागू पडत नाही.

माझ्या मते कल्पक शेफची पारख करावी ती भातावरून. मासा बाजारातून येतो, पण भात, म्हणजे ‘शारी’, हा सर्वस्वी शेफच्या हातचा असतो : त्याला लावलेले व्हिनेगर, दाण्याचा कस आणि अंगाइतकी ऊब. घास आपल्यापुढे ठेवल्यावर एक क्षण त्याच्याकडे नीट पाहा. उत्तम निगिरी पात्रात टेकताच किंचित खाली बसते, कारण दाणे बाहेरून एकमेकांना धरून असले तरी आत हवा राहील इतक्याच हलक्या दाबाने तो घास वळलेला असतो. माशावर युझू या जपानी लिंबाच्या सालीचा कीस पडला किंवा ज्योतीने त्याची कड जराशी खरपूस केली, तर त्याची चव उठून दिसते. पण प्रत्येक घासावर ट्रफल या उग्र वासाच्या भूछत्राचे तेल ओतले जात असेल, तर तेथे मासाही हरवतो आणि भातही, आणि तशा जेवणाचे कौतुक मला करता येत नाही.

चॉपस्टिकची काळजी सोडा. निगिरी हाताने खाणे पूर्णपणे शिष्टसंमत आहे. महत्त्व आहे ते वेळेला : घास समोर आला की तो तत्काळ खावा. मागे एकदा छायाचित्र काढण्याच्या नादात मी नोरीत, म्हणजे समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या पातळ पापुद्र्यात, गुंडाळलेला घास दोन-तीन मिनिटे तसाच ठेवला. नोरी वातड झाली, भात निवला आणि शेफने कुरकुरीत हाती दिलेला तो घास मी ओढून-ओढून संपवला. त्याची हळहळ अजून वाटते. घासावर सोया सॉसचा हात शेफने बहुधा आधीच फिरवलेला असतो, म्हणून तो पुन्हा बुडवू नये. आल्याच्या चकत्या घासावर ठेवण्यासाठी नसून दोन घासांच्या मध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी असतात. उग्र अत्तरही त्या दिवशी टाळा, कारण काउंटरवरच्या शेजाऱ्यांनाही माशाचा सौम्य वास घ्यायचा असतो.

भूक बेताची असेल, तर भात थोडा कमी घेण्यास सुरुवातीलाच सांगावे. शेफ ते आनंदाने करतो. ठरलेला क्रम संपत आला की आणखी काही हवे का, असे तो बहुधा विचारतो. त्या वेळी आपणा दोघांना सर्वांत आवडलेला घास पुन्हा मागून घ्या. त्याचे पैसे सहसा वेगळे लागतात, एवढे मात्र मुलीच्या कानावर आधी घालून ठेवा.